खाणवाल्याची जीप

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. सगळे म्हणजे मी आणि आई. सवयीने हात तसाच लिहून गेला. आईचा गुडघा थंडीत आखडतो, पण तेल लावू दिलं तर ती आई कसली. तुझा खोकला गेला का? तुझ्या भावाच्या पाठीचं कसं आहे? त्याचं ऑपरेशन होऊन तो हिंडूफिरू लागेपर्यंत म्हणून तू तिकडे गेलीस. आता तो दुकानात बसतो असं ऐकलं. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

फोन करणार होते, पण फोनवर माझं काय होतं ते तुला माहीत आहे. 'हो, हो, बरं' एवढंच बोलते आणि ठेवून दिल्यावर सगळं आठवतं. म्हणून पत्र.

आपल्या गॅरेजमधला भोंगा टेम्पो घेऊन तिकडे आला होता, त्याच्याबरोबर पाठवलेला तुझा निरोप मिळाला. त्याबद्दल शेवटी लिहिते. आधी बातमी.

आपण जीप घेतली.

कोणती ते विचारूच नकोस. तीच, दगडाच्या खाणीमागे काटेरी झुडपांत उभी असलेली. लोक सुट्टीच्या दिवशी बागेत जातात. तू आणि दादा ती जीप बघायला जायचात. मला बरोबर नेलंत की मी परत निघायची घाई करायचे, कारण दुसऱ्या दिवशी माझी कसली ना कसली परीक्षा असायची. दादा तिच्याभोवती चकरा मारायचा, बॉनेटवर हात ठेवून उभा राहायचा. खाणवाला दरवेळी म्हणायचा, "विकायची नाही. माझ्या वडिलांची आहे." त्यावर दादा, "मग वडिलांसारखी ठेवा की!" आणि तू तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघायचीस.

तर तो खाणवाला स्वतःहून म्हणाला, घेऊन जा. "तुझा भाऊ असता तर दिली नसती. त्याच्याशी वाद घालायला मजा यायची. आता कोण येतं बघायला?"

क्रेनवाल्याने साखळीने उचलली तेव्हा तिच्या पोटातून माती, वाळकी पानं आणि एक चप्पल पडली. आई म्हणाली, "दुसरी पण शोधा, माझ्या मापाची दिसते." आता जीप आपल्या गॅरेजच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे, दादा ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे काढायचा त्या कोपऱ्यात. चाकं काढून विटांवर ठेवली आहे. तळाचा पत्रा इतका गंजलाय की आत पाय ठेवायला गेलं तर खालची जमीन दिसते. हवेच्या फिल्टरमध्ये पाखराने घरटं केलं होतं. भोंगा सगळीकडून बघून आला आणि म्हणाला, "बाईसाहेब, ही गाडी नाही, चाळण आहे. पीठ चाळा." मी म्हटलं, दादा म्हणायचा हिची हाडं चांगली आहेत. तर त्याने खालच्या लोखंडी चासीवर हातोडी मारून आवाज ऐकला. म्हणाला, "हाडं चांगली आहेत."

इंजिन जाम होतं. प्लगच्या भोकांतून तेल सोडून ठेवलं आणि रोज कामावरून आले की इंजिन फिरवायच्या हँडलला लोंबकळून बघायचे. हलायचं नाही. एक दिवस केसभर हललं. मी इतक्या मोठ्याने ओरडले की आई पिठाचे हात घेऊन धावत आली, तिला वाटलं बोटं सापडली. आता ते इंजिन खाली काढून टेबलावर घेतलंय. सुटे भाग धुवायचं काम माझं. प्रयोगशाळेत पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या धुते तसेच मी बोल्ट धुते, आधी ब्रश, मग रॉकेल, मग फडकं. भोंगा म्हणतो, "झाली आंघोळ? आता पावडर लावा आणि शाळेत पाठवा."

सीटचं मात्र अडलंय. पुढच्या दोन्ही सीटचे नुसते सांगाडे उरले आहेत. मी जाड कापड आणून ठेवलंय, मातकट हिरवं. तुझं शिलाईचं मोठं मशीन शेडमध्ये जसंच्या तसं आहे, मी त्यावर चादर घालते आणि त्याला तेलही देते. इथे सीट शिवणारे आहेत, नाही असं नाही, पण त्यांची टीप तिरकी जाते. मापं कागदावर काढून पाठवू का? की तूच येऊन बघितलंस तर बरं? सांगाडा जुना आहे, कुठे दबलाय, कुठे फुगलाय, ते हात फिरवल्याशिवाय कळणार नाही. दोन दिवसांचं काम. चार म्हणू. तुझी खोली मी झाडून ठेवते.

आता निरोपाचं. तू भोंग्याला जे सांगितलंस ते त्याने मला सांगितलं: चष्म्याच्या दुकानाचे मालक आहेत, त्यांची बायको वारली, लहान मुलगी आहे, त्यांनी तुझ्या भावाकडे तुझ्यासाठी विचारलंय. आणि तू म्हणालीस, "आईंना विचार. त्या नको म्हणाल्या तर मी नको म्हणेन. जे म्हणतील ते तसंच्या तसं कळव."

आईला अजून विचारलेलं नाही. जीप आल्यापासून घरात सारखी गडबड आहे, निवांत अशी वेळच मिळत नाही. भोंगा म्हणाला चष्मेवाले घाईत नाहीत. विचारेन. नीट वेळ बघून विचारेन. घरात शाळेत गेलेली मी पहिली, म्हणून अवघड बोलायचं ते सगळं माझ्याकडे येतं, दवाखान्यात बोलायचं, वायरमनशी बोलायचं, आणि आता हे. शाळेत हे कुठे शिकवतात मला माहीत नाही.

सीटचं तेवढं लवकर कळव.


गुरुवार

वहिनी,

वरचं पत्र टाकायचं राहिलं. पाकीट चिकटवलं होतं, ते आज फोडलं. वर लिहिलेलं खोडत नाही, कारण खोडलं की मी काय खोडलं असेल असा विचार तू करत बसशील. पण त्यात जे खरं नाही ते खाली सांगते.

आज मला सुट्टी होती. भोंगा म्हणाला, आज ब्रेक. मी म्हटलं, इंजिन टेबलावर आहे आणि ब्रेक कसले? तर म्हणे, "बाईसाहेब, पळायचं नंतर बघू. आधी थांबता आलं पाहिजे." सगळ्या नळ्या नव्या घातल्या, तेल भरलं. आता नळ्यांत अडकलेली हवा काढायची होती, आणि तेवढ्यात एका ट्रकचा पाटा रस्त्यात तुटला म्हणून त्याला बोलावणं आलं. जाता जाता त्याने मला सगळं समजावून सांगितलं. लांबचं चाक आधी. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी खाली पडून छोटा नट सैल करायचा, बुडबुडे बाटलीत आले की नट आवळायचा, आणि मगच पेडल सोडायचं. मधेच पाय उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि केलेलं सगळं पाण्यात.

पेडलला कोण? दादा काम करायचा तेव्हा तू बसायचीस. मी आईला हाक मारली.

"मला गाडी येत नाही," आई म्हणाली.

"गाडीला इंजिन नाहीये, आई."

"मग बसते."

सीट नाही, म्हणून तेलाचा रिकामा डबा उपडा घालून तिला त्यावर बसवलं. मी मागच्या चाकापाशी पोतं टाकून खाली सरकले. तिथून मला तळाच्या फुटक्या पत्र्यातून तिची एक टाच दिसत होती, बाकी काही नाही. तिला तर मी अजिबातच दिसत नव्हते. वहिनी, आम्ही दोघी तू गेल्यापासून रोज समोरासमोर बसून जेवतो, आणि तुझ्याबद्दल एक शब्द बोलत नाही.

"दाब," मी म्हणायचे. "दाबला," ती म्हणायची. "धर." "धरलाय." मग बाटलीत बुडबुडे. "सोड." आईने काम पटकन उचललं. मी म्हटलं, जमतंय की तुला, तर म्हणाली, "त्यात काय आहे. तू सांगतेस ते करायचं. घरात दुसरं काय करते मी?"

बुडबुडे कमी होत आले. मग वरून आवाज आला, "ते हिरवं कापड कशाला आणलंस?"

"सीटला."

"शिवणार कोण?"

"वहिनी. आली की शिवेल. दाब."

"दाबलाय. ती येणार आहे?"

मी नट सैल केला. "जीप बघायला तरी येईलच ना."

"आणि तिने विचारलंय त्याचं काय?"

"काय विचारलंय?"

"तिने मला विचारलंय ते. लग्नाचं," आई म्हणाली, आणि टाच वर गेली. बाटलीतलं तेल सर्रकन नळीतून मागे गेलं.

"आई, पाय!"

"गेला का?"

"गेली हवा आत. आता पुन्हा पहिल्यापासून."

"मग कर पहिल्यापासून. मला कुठे जायचंय?"

मी खालीच पडून राहिले. विचारलं, तुला कोणी सांगितलं. "भोंग्याने," ती म्हणाली. मी म्हटलं, तो तर मला शेडच्या मागे नेऊन अगदी हळू आवाजात बोलला होता. "त्याचा हळू आवाज! त्याने कानात सांगितलं तरी गल्लीच्या टोकाला कुत्री उठतात. मी पलीकडे कपडे वाळत घालत होते. सगळं ऐकलं. शेवटी तो तुला म्हणाला, 'मावशींना कळू देऊ नका मी सांगितलं म्हणून,' तेही ऐकलं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुला विचारायला सांगितलं होतं. तू विचारलं नाहीस."

"मी विचारलं नाही तरी तुला माहीत होतं ना!"

वर डबा करकरला. मग म्हणाली, "तू विचारलंस की मला हो म्हणावं लागलं असतं. तू विचारत नव्हतीस. मी म्हटलं, राहू दे. जितके दिवस ही विचारत नाही, तितके दिवस ती आपली आहे."

वहिनी, मला वाटत होतं मी एकटीच ते दाबून बसले आहे. तिला धक्का बसेल, तिला झेपणार नाही, म्हणून थांबले आहे असं मी स्वतःला सांगत होते. आणि ती रोज माझ्या तोंडाकडे बघून, आजही ही विचारत नाही म्हणून सुटकेचा श्वास टाकत होती. सकाळी डबा भरून देताना. संध्याकाळी दिवा लावताना. दोघीही तुला तिकडे ताटकळत ठेवून.

ब्रेकचं तेल माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत उतरलं होतं. ते डोळ्यांत जाऊ द्यायचं नसतं, म्हणून डोळे पुसता आले नाहीत. तसंच पडून मी म्हटलं, "आई, वहिनीने विचारलंय. तू नको म्हणालीस तर ती नको म्हणणार आहे. काय कळवू?"

"लिही, आई हो म्हणाली." मग जरा थांबून, "पटकन म्हणाली असं लिही."

"तू पटकन नाही म्हणालीस."

"म्हणून तर सांगतेय लिही."

तू तसंच्या तसं कळव म्हणाली होतीस, म्हणून हेही लिहिलं. पुढचंही लिहिते. ती म्हणाली, "तिला म्हणावं, माझा मुलगा गेला त्यात तिचा काय दोष? तरी मी पहिल्या महिन्यात दोनदा तिच्याशी वाकडं बोलले, ते तिने मनात ठेवलं नाही. ठेवलं असेल तर आता टाक म्हणावं. आणि त्या पोरीची वेणी घट्ट घालू नकोस म्हणावं. आपल्या हिची घालायचीस परीक्षेच्या दिवसांत. डोकं दुखायचं हिचं, पण तू घातलीस म्हणून बोलायची नाही."

मी खालून विचारलं, "तुला कोणी सांगितलं दुखायचं म्हणून?"

"सांगायला कशाला पाहिजे? तू चल, दाबू का?"

मग आम्ही पुन्हा पहिल्यापासून हवा काढली. चारही चाकांची. ती 'दाबला, धरलाय, सोडला' म्हणत राहिली, शेवटी आवाज पार बसला होता तिचा, पण पाय एकदाही हलला नाही. भोंगा आला, त्याने पेडल दाबून बघितलं, म्हणाला, "मावशी, दगडासारखं झालंय." आई म्हणाली, "हो, झालंय," आणि घरात निघून गेली.

आता माझं.

खाणवाला स्वतःहून आला नव्हता. तुझा निरोप मिळाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर न जाता त्याच्याकडे गेले. तो नाहीच म्हणाला. वडिलांची आहे वगैरे. मी त्याच्या पायरीवर बसून राहिले. शेवटी मी म्हटलं, "माझी वहिनी परत येणार आहे, तिला हवी आहे." तेव्हा त्याने तुझं कसं आहे विचारलं आणि किल्ली आणून दिली. दादाबद्दलचं ते वाक्य तो खरंच म्हणाला, पण नंतर, क्रेनची वाट बघताना. म्हणजे जीप मी खोटं बोलून आणली आहे. मला गाड्यांची आवड नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत? स्प्रिंगच्या पट्ट्यांना पाटे म्हणतात हेसुद्धा मला आता कळलं. मी हिशोब असा केला होता की एखाद्या माणसाने, अनोळखी का असेना, चांगला का असेना, तुला चष्म्याचं दुकान आणि एक लहान मुलगी देऊ केली, तर माझ्याकडे त्याच्यासमोर ठेवायला काय आहे? माझ्याकडे काहीच नव्हतं. म्हणून मी दादाची जीप आणली. दादाची कधी झालीच नाही ती, तरी.

सीट तुझ्यासाठी मुद्दाम उघड्या ठेवल्या होत्या. मापं पाठवत नाही. कापड उद्या कोपऱ्यावरच्या सीटवाल्याकडे टाकते. टीप तिरकी गेली तर जाऊ दे.

तुझं मशीन भोंगा पुढच्या खेपेला टेम्पोतून घेऊन येईल. तो नको म्हणत होता. म्हणाला, "बाईसाहेब, मशीन गेलं म्हणजे मग संपलंच." मी त्याला म्हटलं, मशीन शिवणाऱ्याकडे असावं. हे बोलताना मी अगदी शहाण्यासारखी बोलले. मग घरात येऊन तुझ्या खोलीत बसले. ती झाडून ठेवली आहे हे मात्र खरं लिहिलं होतं.

तू आईला विचारलंस. मला विचारलं नाहीस. त्याचा मला राग आला होता, कबूल करते. मग वाटलं, तू मला ओळखतेस म्हणूनच विचारलं नाहीस. मला विचारलं असतंस तर मी काय म्हटलं असतं, ते शेडमध्ये विटांवर उभं आहे. ते धरू नकोस. आईने सांगितलं ते धर. लग्न कर, वहिनी. चष्मेवाल्यांनी तुला काही विचारलं तर खरं सांग, दादाबद्दलही. लपवण्यासारखं त्यात काही नाही. त्या मुलीला सुरुवातीला फार लाड करून बिघडवू नकोस, आणि तिच्या अभ्यासाला वेळ दे, माझ्याकडून करून घेतलास तसा तिच्याकडून करून घे.

लग्नाला आई येणार नाही म्हणते. लोक तिच्याकडे बघत राहतील, आणि त्या दिवशी लोकांनी तुझ्याकडे बघावं, असं तिचं म्हणणं. मी येणार आहे. कसं दिसेल, काय म्हणतील, याचा मी संध्याकाळभर विचार केला, तू मला ओळखतेस. तुझे आईवडील नाहीत, भावाला फार वेळ उभं राहता येत नाही. तुझ्या बाजूला कोणीतरी उभं राहायला हवं. मी राहीन. कोणी विचारलं ही कोण, तर आपल्याला दोघींनाही पटकन उत्तर देता येणार नाही, म्हणून मी इथूनच ठरवून येते आणि तेच खाली लिहिते.

नवरीकडची,
मी